सामान्य नागरिक आणि बाकीचे आपण

काही मजकूर इतक्या बारीक टायपात छापलेला असतो की तो वाचायचा असतो हेच आपल्याला सुचत नाही. गोळ्यांच्या पाकिटामागचा, अ‍ॅप इन्स्टॉल करताना खाली सरकवत नेतो तो, आणि रेल्वेच्या तिकिटावरचा. २०१६ साली रेल्वेच्या कॉम्प्युटराइज्ड तिकिटांवर एक ओळ छापली जायला लागली. तिचा आशय असा की, प्रवासाला जो खर्च येतो त्यापैकी सरासरी फक्त ५७ टक्के रेल्वे वसूल करते. पुढे ई-तिकिटावर याच ओळीचं एक प्रश्नार्थक भावंड आलं: तुमच्या भाड्यातला ४३ टक्के भार देशाचे सामान्य नागरिक उचलतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

रेल्वेतून तेव्हा रोज दोन कोटींहून जास्त लोक प्रवास करत होते. कुठल्याही मराठी पुस्तकाच्या वाट्याला असा खप येणार नाही. मग या ओळीची समीक्षा का होऊ नये? कवितेची होते, सिनेमाची होते, वेबसिरीजच्या शेवटच्या एपिसोडची तर त्याच रात्री होते. ही ओळ त्या सगळ्यांपेक्षा जास्त लोकांच्या खिशात घडी होऊन पडलेली होती. शिवाय ती नुसती माहिती देत नाही. गावाकडच्या गाड्यांसाठी पैसा कुणी द्यायचा, या प्रश्नाचं उत्तर ती हळूच ठरवून टाकते.

आधी गणित

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे वाक्य वाचताना आधी युनिट तपासायची खोड आहे. समजा प्रवासाचा खर्च १०० रुपये. रेल्वे ५७ घेते, उरतात ४३. हे ४३ म्हणजे *खर्चाचे* ४३ टक्के झाले. ई-तिकीट म्हणत होतं *भाड्याचे* ४३ टक्के. भाडं तर ५७ रुपये आहे, आणि ते आपण पूर्ण भरलंय. त्या भाड्याच्या तुलनेत ४३ रुपये म्हणजे जवळपास ७५ टक्के होतात. म्हणजे ज्या वाक्यानं आपल्याला हिशेब समजावायचा होता, त्याचा छेदच चुकला होता. आमच्याकडे असं काही कोड रिव्ह्यूला आलं असतं तर 'व्हेरिएबलचं नाव बघ' एवढी कॉमेंट टाकून परत पाठवलं असतं.

पण छेदाची चूक फार मोठी नाही. वाक्याची खरी करामत त्याच्या कर्त्यात आहे. त्यात दोन माणसं आहेत. एक 'तुम्ही', म्हणजे प्रवासी. दुसरा 'सामान्य नागरिक', जो तुमचा भार उचलतो. ही दोघं वेगळी आहेत असं हे वाक्य गृहीत धरतं. आता पॅसेंजर गाडीच्या डब्यात जाऊन बघा. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई, आयटीआयला जाणारी पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला निघालेलं म्हातारं जोडपं, पासवर रोज ये-जा करणारा कारकून. यांच्यापैकी सामान्य नागरिक कोण नाही? ज्या देशात सामान्य माणूस म्हटलं की आधी रेल्वेचा जनरल डबा डोळ्यापुढे येतो, तिथे त्या डब्यातल्याच माणसाला सांगायचं की बाबा रे, सामान्य माणूस तुझं ओझं वाहतोय. यात उपरोध नव्हता. रेल्वेनं हे गंभीरपणे छापलं होतं.

'वसूल' हा शब्दही बघण्यासारखा आहे. शेतसाऱ्याची वसुली होते, कर्जाची होते, हप्त्याची होते. वसुली अपुरी झाली की ज्याच्याकडून करायची तो आपोआप थकबाकीदार ठरतो. तिकीट काढून, रांगेत उभं राहून, मागितले तेवढे पैसे देऊन गाडीत बसलेल्या माणसाला त्याच्याच तिकिटावर थकबाकीदार ठरवणं ही या ओळीची दुसरी करामत.

सरासरी नावाची चादर

'सरासरी' हा शब्द तर निरुपद्रवी वाटतो. पण सरासरी कशाची? मुंबईच्या लोकलचा पास, एसी थ्री टियर, राजधानी, आणि एका डिझेल इंजिनाला आठ डबे लावून पळणारी पॅसेंजर, या सगळ्यांचा एकच आकडा. प्रत्येकाचा खर्च वेगळा, भाडं वेगळं, तूट वेगळी. सगळ्यांवर एकच चादर टाकली की आत कुणाचे पाय उघडे पडतायत ते दिसत नाही.

कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. हा मार्ग बांधायला केंद्राच्या तिजोरीत पुरेसा पैसा नाही म्हणून १९९० साली वेगळं महामंडळ काढलं. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि मधु दंडवते अर्थमंत्री. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. बाकीचा मोठा पैसा रोखे काढून बाजारातून उचलला. जानेवारी १९९८मध्ये पूर्ण मार्गावर गाडी धावली. हे कर्ज फेडायला एक युक्ती होती: या मार्गावर प्रत्यक्ष अंतरापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त अंतर धरून प्रवासभाडं लावायचं. म्हणजे शंभर किलोमीटर गेलात तर एकशे चाळीसचे पैसे. चिपळूण, कणकवली, कुडाळची माणसं वर्षानुवर्षं हे जादा किलोमीटर विकत घेत आली. त्यांच्याही तिकिटावर ५७ टक्क्यांचाच टोमणा. आपल्या रुळांचं कर्ज स्वतःच्या तिकिटातून फेडणाऱ्या माणसाला सरासरीच्या नावानं ऐकवायचं की तू पुरेसं देत नाहीस.

आणि 'खर्च'? एकाच रुळावरून कोळशाची मालगाडी जाते, वंदे भारत जाते आणि पॅसेंजरही जाते. रूळ, सिग्नल, स्टेशनमास्तर, गँगमन, पेन्शन हा सगळा सामायिक खर्च. त्यातला किती पॅसेंजरच्या नावावर टाकायचा हे निसर्गानं ठरवून दिलेलं नाही, कुठल्यातरी सूत्रानं ठरतं. पॅसेंजर उद्या बंद केली तर स्टेशनमास्तरचा पगार वाचणार नाही, रूळही काढून नेता येणार नाहीत. वाचेल फक्त डिझेल किंवा वीज, थोडी झीज आणि गाडीबरोबरची माणसं. म्हणजे 'गाडी चालवल्यामुळे वाढलेला खर्च' आणि 'गाडीच्या नावावर टाकलेला खर्च' या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटावरचा टक्का दुसऱ्या प्रकारच्या हिशेबातून येतो, पण वाचणाऱ्याला तो पहिल्या प्रकारचा वाटतो.

हा आकडा पुढेही बोलला जात राहिला. डिसेंबर २०२४मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की २०२२-२३ साली प्रवासी तिकिटांवर ५६,९९३ कोटी रुपयांची सबसिडी दिली, म्हणजे १०० रुपयांच्या सेवेला ५४ रुपये घेतले. ५७चे ५४ झाले. वाक्याची रचना तीच.

भार कोण उचलतं?

हा भार सामान्य नागरिक उचलतो म्हणजे नक्की कसा? आपल्याला वाटतं, त्याच्या करातून. वर्षानुवर्षं प्रवासी गाड्यांची तूट भरून आली ती प्रामुख्यानं मालवाहतुकीच्या नफ्यातून. आणि रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनानं जवळपास निम्मा वाटा एकट्या कोळशाचा आहे. कोळसा जातो वीजकेंद्रात, त्याचं भाडं उतरतं विजेच्या बिलात. सिमेंटचं उतरतं घराच्या किमतीत. म्हणजे भार उचलणारा नागरिक आहेच, पण त्याला कुणी विचारलेलं नाही आणि तो भरतोय हे त्याला माहीत नाही.

याचा एक विचित्र परिणाम होतो. चंद्रपूर आणि वणीच्या पट्ट्यात खाणी आहेत. तिथल्या धुळीत राहणारी माणसं, त्यांच्या दारावरून जाणाऱ्या कोळशाच्या गाड्या, आणि त्या गाड्यांच्या भाड्यावर चाललेल्या देशभरच्या पॅसेंजर. हिशेब मांडायचाच असेल तर बल्लारशाच्या पॅसेंजरमधला माणूस थकबाकीदार निघेल की धनको, हे सांगणं अवघड आहे. गोव्यात २०२०पासून मोलेमच्या जंगलातून दुसरा रूळ टाकण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हाही भांडण हेच होतं: बंदरातून येणाऱ्या कोळशासाठी आमचं जंगल कशाला? पण ज्या मालवाहतुकीला तिथे विरोध होतो, त्याच मालवाहतुकीच्या पैशातून साध्या प्रवाशाची स्वस्ताई उभी राहते. हे अवघड नातं एका ओळीत मावत नाही. म्हणून तिकिटावर 'सामान्य नागरिक' छापलं की काम भागतं.

नाव बदलून भाडं तिप्पट

२०२०च्या मार्चमध्ये सगळ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्यानं सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर पॅसेंजर राहिली नव्हती. तीच गाडी, तेच डबे, तोच वेग, पण आता तिचं नाव 'एक्स्प्रेस स्पेशल', आणि नंबराच्या सुरुवातीला शून्य. साध्या पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये होतं, एक्स्प्रेसच्या दुसऱ्या वर्गाचं ३०. त्यामुळे शेजारच्या स्टेशनात जायला १०ऐवजी ३० रुपये.

भाडेवाढ म्हणून हे कधी जाहीर झालं नाही. संसदेत चर्चा नाही, अर्थसंकल्पात उल्लेख नाही, मोर्चा काढायला तारीखसुद्धा नाही. फक्त डेटाबेसमध्ये गाडीचा टाइप बदलला. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनला हात न लावता इनपुट बदललं आणि आउटपुट तिप्पट झालं. सुरुवातीचं कारण समजण्यासारखं होतं: साथ आहे, विनाकारण प्रवास टाळावा. पण साथ ओसरली तरी नाव ओसरलं नाही. ते खाली आलं २०२४च्या फेब्रुवारीअखेर. मार्चच्या मध्यावर लोकसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. या दोन गोष्टींचा संबंध ज्यानं त्यानं लावावा. मला इथे एवढंच दिसतं की गरिबाच्या गाडीचं भाडं वाढवणं आणि उतरवणं, दोन्ही एका परिपत्रकात होऊ शकतं. अडीचशे रुपयांच्या तिकिटावर वीस रुपये वाढले तर बातमी होते. दहाचे तीस झाले तर ज्यांचे होतात त्यांनाच कळतं.

हे आजच्या रेल्वेच्या धोरणाचं पूर्ण चित्र आहे असंही नाही. १ जुलै २०२५पासून भाडी वाढली तेव्हा साध्या दुसऱ्या वर्गाला ५०० किलोमीटरपर्यंत आणि उपनगरी प्रवाशांना हात लावला नाही. म्हणजे तिकिटाच्या दरात साध्या प्रवाशाला सांभाळायचं हे सरकारला कळतं. पण दर सांभाळून गाडीच कमी केली तर स्वस्त तिकिटाचं करायचं काय?

वेळापत्रकाचं ऑब्जेक्टिव्ह फंक्शन

गाडी कशी कमी होते ते वेळापत्रकात वाचावं लागतं. २०२०मध्ये रेल्वेनं आयआयटी मुंबईच्या मदतीनं 'झिरो बेस्ड' वेळापत्रक करायला घेतलं. जुन्या वेळापत्रकावर ठिगळं लावण्यापेक्षा पाटी कोरी करून नव्यानं मांडणी करायची. एक इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना आवडते. देखभालीला सलग वेळ मिळाला पाहिजे, मालगाड्यांना मोकळा रस्ता मिळाला पाहिजे, गाड्यांचा वेग वाढला पाहिजे. हे सगळं रास्त आहे.

पण कुठलंही ऑप्टिमायझेशन काय वाढवायचं आणि काय तोडायचं नाही या दोन यादींवर चालतं. वेग पहिल्या यादीत होता. जिथे माणसं कमी चढतात ते थांबे दुसऱ्या यादीत नव्हते. एक्स्प्रेसचा एक छोटा थांबा काढला की हजारभर प्रवाशांची पाच-सहा मिनिटं वाचतात आणि वीस प्रवाशांची गाडी जाते. बेरीज केली तर पहिला आकडा मोठा. पण पाच मिनिटं वाचणं आणि गाडी जाणं यांची बेरीज होऊ शकते, हेच मुळात कुणीतरी ठरवलेलं असतं. गणित फक्त ते पाळतं.

त्यातून एक फेरा सुरू होतो. गाडीची वेळ गैरसोयीची केली की माणसं वडापकडे वळतात. मग तिकीटविक्रीचा डेटा सांगतो, इथे मागणीच नाही. मग थांबा जातो. थांबा गेल्यावर तिथला माणूस डेटातूनच जातो, आणि पुढच्या वेळापत्रकाला त्याची अडचण होत नाही. प्रवासी नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून प्रवासी नाही.

रत्नागिरीची पॅसेंजर कोविडच्या आधी दादरपर्यंत यायची. नंतर ती दिव्यापर्यंतच यायला लागली. नकाशात हे काही फार मोठं अंतर नाही. पण गणपतीचं सामान, म्हातारे आईवडील आणि झोपलेलं मूल घेऊन दिव्याच्या फलाटावरून भरलेल्या लोकलमध्ये चढून बघा. उपनगरी रुळांवर जागा नाही, दादरच्या फलाटांवर गर्दी आहे, ही कारणं खोटी नाहीत. पण जागा नसली की आधी कोण उतरतं, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी तेच का येतं? या प्रकरणातला राग पुढे दादरहून गोरखपूरकडे सुटणाऱ्या गाडीकडे वळला. घोषणा झाल्या, निवेदनं झाली. मला हा राग चुकीच्या पत्त्यावर गेलेला वाटतो. गोरखपूरच्या गाडीतला माणूसही जनरल डब्याच्या दारात लटकूनच जातो. दोन लटकणाऱ्यांचं एकमेकांत भांडण लागलं की वेळापत्रक करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

हजार रुपयांची आशा

या विषयातला तिसरा मजकूर म्हणजे रेल्वेचं 'पिंक बुक'. अर्थसंकल्पानंतर कुठल्या मार्गाला किती पैसे दिले त्याची यादी. त्यात काही प्रकल्पांपुढे एक हजार रुपये असा आकडा असतो. हजार रुपयांत रेल्वेमार्ग तर सोडाच, त्याच्या भूमिपूजनाचे हारतुरेही येत नाहीत. त्या आकड्याचा अर्थ वेगळा असतो: हा प्रकल्प आम्ही करत नाही आहोत, पण मारलेलाही नाही. सॉफ्टवेअर कंपनीत अशी शेकडो तिकिटं बॅकलॉगमध्ये पडलेली असतात. बंद केली तर ज्यानं मागितलं तो चिडेल, करायला घेतली तर माणसं नाहीत. मग ती पुढच्या स्प्रिंटला ढकलायची. फरक एवढाच की आमच्या बॅकलॉगवर कुणी निवडणूक लढवत नाही.

अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला. लांबी २६१ किलोमीटर, सुरुवातीचा अंदाज ३५३ कोटी. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पुढे राज्यानं निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं. काम रखडलं, अंदाज वाढत वाढत ४,८०५ कोटींवर गेला. सप्टेंबर २०२२मध्ये गाडी आष्टीपर्यंत पोचली. १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली डेमू सुटली. त्या दिवशी फलाटावर झालेली गर्दी खरी होती आणि तिचा आनंदही खरा होता. तीस वर्षं ज्या गोष्टीवर आमदार-खासदार निवडून आले, ती गोष्ट डोळ्यांपुढून शिटी वाजवत गेली.

आता दुसऱ्या दिवशीचा प्रश्न. निम्मा पैसा महाराष्ट्राचा. मग या रुळावरून दिवसाला किती गाड्या जाव्यात, किती वाजता जाव्यात, कॉलेजच्या वेळेला जाव्यात की नाही, हे महाराष्ट्र ठरवणार का? नाही. रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे. राज्य रूळ विकत घेऊन देऊ शकतं, गाडी मागू शकतं, ठरवू शकत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातही राज्याचा ४० टक्के वाटा आहे, आणि तिथेही हेच होणार. कोकण रेल्वेत २२ टक्क्यांचे भागीदार असून रत्नागिरीची गाडी दिव्याच्या पुढे नेता आली नाही. तेच महामंडळ आता भारतीय रेल्वेत विलीन करायला राज्यानं २०२५मध्ये संमती दिली. त्यातली एक अट होती 'कोकण रेल्वे' हे नाव टिकावं. नाव टिकेलही. पण संमती द्यायच्या वेळी अमुक इतक्या पॅसेंजर अमुक थांब्यांसह चालवाल, असं लिहून घेण्याची संधी होती. तिचा जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

गुंतवणूक आणि सबसिडी

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा सुरुवातीचा अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटींचा. बहुतेक पैसा जपानच्या कर्जाचा. भागभांडवलात केंद्राचे १०,००० कोटी, महाराष्ट्र आणि गुजरातचे प्रत्येकी ५,००० कोटी. या ५,००० कोटींना 'गुंतवणूक' म्हणतात. केंद्राच्या अर्थसंकल्पात २०२४-२५ला रेल्वेसाठी २ लाख ५२ हजार कोटींची भांडवली तरतूद होती. तिलाही गुंतवणूक म्हणतात. पॅसेंजर चालवायला दरवर्षी लागणाऱ्या पैशाला मात्र 'तोटा' म्हणतात, फार झालं तर 'सबसिडी'.

हा फरक हिशेबाच्या वहीतला आहे. एकदाच होणारा खर्च भांडवली, रोजचा खर्च महसुली. पण वहीतला फरक राजकारणात वेगळा दिसतो. भांडवली खर्चाला फीत असते, हिरवा झेंडा असतो, ड्रोननं काढलेला व्हिडिओ असतो. रोज सकाळी सव्वासहाला वेळेवर सुटणाऱ्या पॅसेंजरचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून रूळ टाकायला पैसा मिळतो आणि त्यावरून गाडी चालवायला मिळत नाही. आधी निदान वर्षातून एक दिवस या भांडणाचा होता. १९२४पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा होता. शेवटचा २०१६च्या फेब्रुवारीत सुरेश प्रभूंनी मांडला, २०१७पासून तो मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. दुसऱ्या दिवशी 'महाराष्ट्राच्या तोंडाला पानं पुसली' ही हेडलाइन ठरलेली. तो प्रकार सदोष होता, मंत्र्यांच्या मतदारसंघांकडे गाड्या वळायच्या. पण एका हॉल्टसाठी खासदारानं उभं राहून बोलायची ती जागा होती. ती गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी काही मिळाली नाही.

५७ टक्क्यांची ओळ तिकिटावर आली ती प्रभूंच्याच काळात. ते एकेकाळचे राजापूरचे खासदार. त्याच राजापूरचे त्यांच्या आधीचे खासदार मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम बसवायला घेतला, आणि पहिला वर्गच नसलेली गीतांजली एक्स्प्रेस काढली. दोघेही अभ्यासू, दोघेही सचोटीचे. प्रवाशाला हिशेब कळावा हा प्रभूंचा हेतू वाईट नव्हता. पण दोघांनी साध्या प्रवाशाला पाठवलेले निरोप शेजारी ठेवून बघा. एकाचा निरोप होता की तुलाही पाठ आहे. दुसऱ्याचा होता की तुझी बाकी आहे.

मग द्यायचं कुणी?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, सगळं फुकट हवंय का? नाही. तूट खरी आहे. भाडं वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं हाही एक भ्याडपणाच आहे, आणि त्याची किंमत शेवटी फुटक्या बाकांमधून आणि तुंबलेल्या संडासातून साधा प्रवासीच मोजतो. रिकाम्या धावणाऱ्या गाड्याही असतात. प्रश्न तूट आहे की नाही हा नाही. तिला नाव काय द्यायचं आणि ती उघडपणे कुणी उचलायची, हा आहे.

ब्रिटनमध्ये १९६३ साली बीचिंग अहवालानं असाच हिशेब मांडला: एक तृतीयांश मार्गांवर मिळून एक टक्का प्रवास होतो. हिशेब बरोबर होता. त्या जोरावर हजारो किलोमीटरचे मार्ग आणि दोन हजारांच्या आसपास स्थानकं बंद झाली, आणि पुष्कळ गावं कायमची रेल्वेपासून तुटली. पाच वर्षांनी, १९६८मध्ये, तिथे कायदा झाला की एखादा मार्ग तोट्यात असेल पण समाजाला हवा असेल, तर सरकारनं त्या मार्गाच्या नावानं अनुदान द्यावं. तूट तीच राहिली, पण ती आता लोकांनी ठरवून घेतलेली खरेदी झाली. जर्मनीनं १९९६पासून हे आणखी पुढे नेलं. केंद्र राज्यांना पैसा देतं, आणि कुठल्या मार्गावर दिवसाला किती गाड्या हव्यात हे राज्यं ठरवतात, तशी ऑर्डर देतात, पैसे मोजतात. गाडी आली नाही तर जाब कुणाला विचारायचा हे तिथल्या माणसाला माहीत असतं.

हे आपल्याला परकंही नाही. २०२३च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, आणि त्याची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. ती वेळेवर मिळते का, यावर भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण भांडणाचा पत्ता स्पष्ट आहे: सवलत सरकारनं दिली, पैसे सरकारनं द्यावेत. अर्ध्या तिकिटावर बसलेल्या बाईला कुणी थकबाकीदार म्हणत नाही. तिचं निम्मं भाडं हा राज्यानं जाहीरपणे घेतलेला निर्णय आहे.

मग जे राज्य रुळांना निम्मा पैसा देतं, बुलेट ट्रेनला ५,००० कोटी देतं, ते बीड-अहिल्यानगर मार्गावर दिवसाला आणखी चार गाड्या का विकत घेऊ शकत नाही? अमुक किलोमीटर, अमुक थांबे, अमुक वेळा, त्याचे वाढीव खर्चाइतके पैसे, आणि गाडी रद्द झाली तर कपात. यात धोके आहेत. श्रीमंत राज्यं गाड्या घेतील, बिहार-झारखंड बघत राहतील. म्हणून मूळ पैसा केंद्राकडूनच यायला हवा, जर्मनीत येतो तसा. राज्याच्या तिजोरीवर आधीच ओझं आहे, तेव्हा चार गाड्या घ्यायच्या तर कुठलातरी उड्डाणपूल सोडावा लागेल. सोडावाच. पण तो वाद विधानसभेत होईल, आकडे समोर ठेवून होईल. आज तो एका परिपत्रकात होतो आणि आपल्याला स्टेशनवर गेल्यावर कळतो.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येईल, त्यात रेल्वे हा शब्द शोधून बघा. फोनवर पीडीएफ उघडतं, सर्च चालतो. नवे मार्ग, भूसंपादन, राज्याचा हिस्सा, हे सगळं सापडेल. ज्या मार्गांसाठी हे पैसे दिले त्यांवर रोज किती गाड्या चालणार, हा आकडा सापडतो का ते बघा. सापडला नाही तर आपल्या आमदाराला एवढं एकच विचारा. नव्या रेल्वेची मागणी करायची गरज नाही. जी बांधून झाली आहे तिच्यावर सकाळी कॉलेजला आणि संध्याकाळी घरी सोडणारी गाडी आहे का, आणि नसेल तर तिचे पैसे कोण भरणार, हे विचारा. हा प्रश्न सामान्य नागरिकानं विचारायचा असतो, आणि तो नागरिक तिकीट काढून त्याच गाडीची वाट बघत उभा आहे.